लिफ्टमधलं सूत्र

२५ नोव्हेंबर

"मग मायनस टाकून द्यायचा?"

अर्धा तास हा एकच प्रश्न. बोटीच्या वेगाचं उदाहरण. वर्गसमीकरण सुटलं, x च्या दोन किमती आल्या – १२ आणि उणे ८. मी म्हटलं, वेग उणे नसतो, म्हणून उणे ८ सोडून द्यायची. तर दीपक म्हणतो, "बोट उलटी नाय येत? आमच्याकडे येते." सासूबाई लसूण सोलत होत्या, त्या खळखळून हसल्या. मी हसले नाही. पेन्सिल आपटली.

हसायला हवं होतं का? त्याने विनोद केला होता की त्याला खरंच पटत नव्हतं? अजून कळलेलं नाही. समोरच्या माणसाला काय कळलं नाही हेच मला कळत नसेल, तर मी कसली शिकवणार!

२७ नोव्हेंबर

मी एवढी का चिडते ते एकदा लिहूनच काढते.

माझा नवरा दीपक परळला हॉस्पिटलात लिफ्टमन. जुनी लिफ्ट, जाळीचं दार, कडेला स्टूल. मे अखेर त्या लिफ्ट काढून बटणवाल्या बसवणार. मग लिफ्टमन नकोत. चार जणांपैकी जे दहावी पास असतील ते रेकॉर्ड रूमला, बाकीचे स्ट्रेचर ओढायला. दीपकच्या कमरेच्या दोन चकत्या सरकलेल्या. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. स्ट्रेचर म्हणजे सहा महिन्यांत अंथरूण!

त्याची शाळा नववीत सुटली – मामंजींची गिरणी बंद पडली ते वर्ष. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतोय. भाषा, इतिहास वाचून काढेल. भूमितीची तीन प्रमेयं पाठ करेल. अडलंय बीजगणितात. त्यातही सांख्यिकी म्हणजे हक्काचे गुण. सूत्र लिहायचं, आकडे घालायचे, झालं.

आणि मी बी.ए., अर्थशास्त्र. संख्याशास्त्राच्या पेपरात एकाहत्तर! लग्न ठरताना हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता. नंतर मात्र बऱ्याचदा सांगितलाय. तेव्हा शिकवायचं मीच, हे कुणी ठरवलंही नाही. ते ठरलेलंच होतं.

१ डिसेंबर

आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट. पाच वर्षांपूर्वी चौपट होते. तर दोघींची वयं काढा.

दीपकने पाच सेकंदांत सांगितलं, "पंचेचाळीस आणि पंधरा."

"पायऱ्या कुठायत?"

"उत्तर आलं ना!"

"उत्तराला एक गुण. पायऱ्यांना तीन."

"म्हणजे चौथ्या मजल्यावर पोचलो तरी तू विचारणार, पहिला लागला होता का, दुसरा लागला होता का."

हो. विचारणार. एकोणीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतेय, गिरगावात, एकाच प्रकाशकाकडे. तिथे कुणी "अर्थ कळला ना!" म्हणून वेलांटीची चूक सोडून देत नाही.

४ डिसेंबर

उणे तीन अधिक पाच. परत आठ!

मग त्याचा त्यानेच मार्ग काढला. तळमजला म्हणजे शून्य. खालची दोन तळघरं म्हणजे उणे एक, उणे दोन. "तिसरं तळघर आमच्याकडे नाय, पण समज आहे. तिथून पाच मजले वर – दुसरा मजला. दोन!" त्यानंतरची दहाच्या दहा बरोबर.

आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण मनात आलं, हे मला का सुचलं नाही?

८ डिसेंबर, रविवार

आज मध्यक सुरू केला. पुस्तक तो लिफ्टमध्येच ठेवतो, फेऱ्यांच्या मध्ये वाचायला. घरी आम्ही उदाहरणांच्या झेरॉक्स वापरतो. सूत्र मी तोंडपाठच सांगितलं. वर्गाची खालची मर्यादा, अधिक, कंसात एकूण वारंवारतेची निम्मी वजा संचित वारंवारता, भागिले त्या वर्गाची वारंवारता, गुणिले वर्गांतर. संचित वारंवारता म्हणजे वरपासून बेरीज करत करत आलेला आकडा – तो त्याच वर्गासमोरचा घ्यायचा.

दीपकने आकडे घातले. "मायनस येतंय."

"इथे मायनस येऊच शकत नाही. मोठ्यातून लहान वजा करा."

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून!"

आकांक्षा पलंगावर लोळत मोबाईल बघत होती. गेल्याच वर्षी दहावी झाली तिची, आता अकरावी कॉमर्स. ती मध्येच म्हणाली, "आई, ते तसं नाहीये. तो आकडा –"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, तुझं सेमी-इंग्लिश. तुझं तुझ्या पुस्तकात. आणि परवा मराठीच्या निबंधात "परिक्षा" लिहिलंस, ते आधी नीट कर. बाबांना मी शिकवताना मध्ये बोलायचं नाही.

ती उठून गॅलरीत गेली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काय गो माया, पोरीक कित्याक गप केलंस? ती काय वायट बोलत होती?"

दोन शिक्षक झाले की विद्यार्थी बुडतो, हे माझं म्हणणं चुकीचं नाही. सांगण्याची रीत चुकीची होती. निबंधाचं आज काढायची गरज नव्हती.

९ डिसेंबर

कार्ड केलं. पोस्टकार्डाएवढं. मध्य, मध्यक, बहुलक – तिन्ही सूत्रं, माझ्या उत्तम अक्षरात, खाली प्रत्येक खुणेचा अर्थ. लालबागला लॅमिनेट करून आणलं. ड्युटीवर जाताना दीपकला दिलं – बटणांच्या वर चिकटवा, येता-जाता नजर पडेल.

"हॉस्पिटलात देवाचा फोटो लावतात गं," म्हणाला. पण नेलं.

१५ डिसेंबर, रविवार

शंभर विद्यार्थ्यांचे गुण. वारंवारता १२, १८, ३०, २५, १५. पुस्तकातलं उत्तर २६.६७. दीपकचं २३.३३.

परत बेरीज केली. २३.३३. चौथ्या वेळी त्याच्या कपाळाला घाम. मी म्हटलं, साध्या बेरजेत तुमचं लक्ष नसतं, लक्ष सगळं बाहेर. आकांक्षा कानात हेडफोन घालून बसली होती, पण गाणं काही लागलेलं दिसत नव्हतं.

बेरीज मीही केली. बरोबर होती. मग कुठे चुकतोय हा माणूस?

१६ डिसेंबर

परत २३.३३. आता मला स्वप्नातही हाच आकडा दिसणार.

२२ डिसेंबर

जुळलं! पन्नास कामगारांच्या वयाचं उदाहरण. त्याचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर तंतोतंत एक. म्हणजे पद्धत बरोबर आहे. कच्ची आहे ती त्याची आकडेमोड.

मी हे त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "असेल."

"असेल काय? आहे!"

"आहे," म्हणाला.

असे शब्द तो हल्ली फार वापरतो. आहे. बरं. तू म्हणशील तसं. मला असा विद्यार्थी नको. वाद घालणारा परवडला.

३ जानेवारी

बाहेरून बसणाऱ्यांनाही वही द्यावी लागते. स्वतः माहिती गोळा करून मध्यक काढा असा एक गृहपाठ आहे. दीपकने पन्नास माणसांना विचारलं – लिफ्टसाठी किती मिनिटं थांबलात? कल्पना त्याचीच. मला आवडली, पण मी तसं म्हटलं का? आठवत नाही. बहुधा "रकाने सरळ आखा" एवढंच म्हटलं.

दोन मिनिटांच्या आत पाच जण. दोन ते चार, नऊ. चार ते सहा, वीस. सहा ते आठ, अकरा. आठ ते दहा, पाच. मध्यक ४.९ मिनिटं.

"म्हणजे अर्ध्या लोकांना पाच मिनिटांच्या आत मिळते," तो म्हणाला. "साहेबांना दाखवलं पाहिजे. म्हणे माणूस नको, बटण पुरे."

या वहीच्या पाठीमागे त्याने पेन्सिलीने काहीतरी केलं होतं. मी बघायला गेले तर खोडरबर फिरवला. "कच्चं काम होतं." मी म्हटलं, कच्चं कामही दाखवायचं. नाही दाखवलं.

१२ जानेवारी, रविवार

तेच शंभर विद्यार्थ्यांचं उदाहरण परत घातलं, मुद्दाम. दीपकने सोडवलं आणि उत्तर आलं २६.६७!

मी पायऱ्या बघितल्या. साठमधून पन्नास वजा न करता त्याने पन्नासमधून तीस वजा केले होते. वरच्या ओळीतला आकडा. नजर एक ओळ वर गेली. प्रूफ वाचताना होतं तसं.

लाल पेनाने कापलं. लिहिलं – पायरी चुकली. उत्तर योगायोगाने.

"पण जुळलं की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना गणित कळत नाही, पण माझा चेहरा कळतो.

"उत्तर जुळलं म्हणून पायरी बरोबर होत नाही, आई."

दीपकने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. उलट, आपलीच चोरी पकडली गेल्यासारखा हसला. "चुकून झालं गं. परत करतो." आणि परत केलं. २३.३३.

आकांक्षा ताडकन उठली. "मी खाली जाते." चपला न घालताच गेली.

१३ जानेवारी

काल काहीतरी खटकलं. एखादा शब्द दहा वेळा बघूनही डोळा परत परत तिथेच जातो, तसं. पुस्तक उघडून बघायला हवं. पण पुस्तक लिफ्टमध्ये आहे.

हे कारण आहे की सबब? परळ काही परदेशात नाही.

२९ जानेवारी

घरी यायला साडेसहा झाले. सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या, "हल्ली बापूस नि चेडू एकदमच घराक येतत. वाटेत गावतत वाटता."

आकांक्षाचं कॉलेज साडेबाराला सुटतं. तीन वाजेपर्यंत लायब्ररीत बसते म्हणते. काय करतेस लायब्ररीत? "अभ्यास." कुणाबरोबर? "एकटी." मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं विचारलंच नाही. सोळाव्या वर्षी मीही खोटं बोलायचे, पण इतक्या सरळ नजरेने नाही.

तिच्या दप्तराला फिनाइलचा वास येतो. कॉलेजात साफसफाई चालू असेल.

घरात बाप परीक्षेला बसलाय, आणि ही एका शब्दाने त्याला मदत करत नाही. मी मध्ये बोलू नको म्हटलं होतं, मान्य. पण म्हणून इतकं तोडून वागायचं? वही घेऊन तो टेबलाशी बसला की ही उठतेच. लाज वाटत असेल बापाची. माझ्याच पोटची, आणि अशी!

१४ फेब्रुवारी

सराव प्रश्नपत्रिका, चाळीस गुणांची. दीपकला मी दिले तेरा.

वहीवर "तेरा" लिहिताना माझा हात थांबला. त्याने मात्र वही मिटली आणि विचारलं, "आज जेवायला काय?"

मी पंधरा मिनिटं बोलत होते. स्ट्रेचर, कंबर, मे महिना. सगळं त्याला माहीत असलेलंच. शेवटी तो म्हणाला, "मास्तरीणबाई, भीती मला वाटायला पाहिजे. तू कशाला दोघांच्या वाटची घाबरतेस?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वही दोनदा मिटली. तरी लिहिते.

ऑफिसात दहावीचा सराव प्रश्नसंच आलाय छपाईला. गणिताची प्रुफं माझ्याकडे. पान चौसष्टवर मध्यकाचं सोडवलेलं उदाहरण. लेखकाने संचित वारंवारतेचा आकडा एक ओळ वरचा घेतलेला. दीपकसारखीच चूक! मला जवळजवळ आनंद झाला. लाल पेनाने कापलं, नवा आकडा घातला, खालचं उत्तरसुद्धा बदललं. समासात लिहिलं – लेखकाची चूक.

चार वाजता नानांनी बोलावलं. नाना आमचे संपादक, सत्तरी ओलांडलेले, आवाज कधी चढत नाही.

"माया, बस. हे काय केलंस?"

"चूक होती, नाना."

"कुणाची?"

त्यांनी दहावीचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. चौकटीत छापलेलं. मध्यक ज्या वर्गात येतो, त्याच्या *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता. आधीच्या!

"बरोबर होतं ते तू चुकवलंस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. बरं वाटत नाहीये का तुला?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांनी चहा मागवला. तो तसाच निवला.

मायनस का येत होतं ते आता कळलं. दीपकने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कशावरून? मी सांगते म्हणून.

घरी येऊन माळ्यावरून कॉलेजची वही काढली. म्हटलं, निदान तिथे चुकीचं लिहिलेलं असेल, बाईंनी फळ्यावर चुकवलं असेल. नाही. माझ्याच अक्षरात, स्वच्छ – आधीच्या वर्गाची. वहीने नाही, बाईंनी नाही. एकाहत्तर गुणांच्या भरवशावर मी स्वतःच विसरले, आणि विसरले हेही विसरले.

२२ डिसेंबरचं ते उदाहरण परत केलं. त्यात निम्मी संख्या वर्गाच्या बरोबर मधोमध येते, म्हणून दोन्ही पद्धतींनी उत्तर एकच. योगायोग होता तो! आणि त्याच्या बरोबर उत्तरावर मी काय लिहिलं होतं? उत्तर योगायोगाने.

चार वेळा बेरीज करायला लावली. बेरीज चारही वेळा बरोबर होती.

१ मार्च

पेपर पाच तारखेला. आज सांगावं की नाही?

सांगू नये, कारण तीन महिने एका रीतीने केलेलं चार दिवसांत उपटलं तर तो गोंधळेल, आणि मध्यकाबरोबर बाकीचंही जाईल. चार गुणांसाठी दहा घालवू नयेत.

सांगावं, कारण चूक आहे.

दोन्ही बाजू लिहून बघितल्या. पहिली जास्त शहाणपणाची दिसते. पण मी प्रामाणिक असेन तर तिसरी ओळही लिहायला हवी. खोली एकच. मी सांगेन ते आकांक्षा ऐकेल. आठ डिसेंबरला ती हेच सांगत होती.

बाकी सगळ्या कारणांना मी नंतर कपडे घातलेत.

२ मार्च, रविवार

प्रयत्न केला. दीपक बहुलकाची उदाहरणं करत होता. मी म्हटलं, "ते मध्यकाचं परत एकदा बघायचं का? त्या सूत्रात –"

"नको गं," तो घाईने म्हणाला. "ते आता डोक्यात पक्कं बसलंय."

"कसं बसलंय?"

"घट्ट."

आकांक्षाने मोबाईलमधून मान वर करून बापाकडे बघितलं. मग परत खाली घातली. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी.

पक्कं बसलंय. चुकीचं ते इतकं पक्कं मी बसवलं.

४ मार्च

नवं कार्ड लिहिलं. फक्त एक शब्द वेगळा. सकाळपासून पर्समध्ये आहे. दीपकने आज रजा घेतलीय, दिवसभर घरी. तीनदा पर्स उघडली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी विचारलं, "काय हरवलां काय गो?"

"नाही, आई. आहे सगळं."

दिलं नाही.

५ मार्च, बुधवार

अर्धा दिवस रजा टाकून केंद्राच्या गेटाबाहेर उभी राहिले. आत जाणारी सगळी पंधरा-सोळा वर्षांची. त्यांच्यात दीपक, इस्त्रीचा शर्ट, पारदर्शक पाउच. एका पोराने त्याला विचारलं, "सर, आमची रूम कुठली?" तो म्हणाला, "मी सर नाय रे. तुझ्या मागचा बाक."

बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. कमरेवर हात.

"कसा गेला?"

"बरा गेला."

"मध्यक आला होता?"

"आला. चार मार्कांचा."

"केलात?"

"केला ना. शिकवलंय तसाच."

मी रस्त्याच्या पलीकडे बघत राहिले. शिकवलंय तसाच. यापेक्षा त्याने मला थोबाडीत मारली असती तर बरं.

उसाचा रस प्यायलो. त्याने माझ्या ग्लासातलं उरलेलंही प्यायलं.

६ मार्च

ऑफिसात काम नीट होत नाही. प्रत्येक शब्द दोनदा बघते. नाना म्हणाले, "बाई, आता बरोबर असलेलंही तुला चुकीचं दिसायला लागलंय."

२१ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही. नवी लिफ्ट आली म्हणे, खोकी हॉस्पिटलच्या अंगणात पडलीत. दीपकला स्वप्नात स्ट्रेचर दिसतो. तो सांगत नाही, झोपेत कमरेखाली हात घालतो त्यावरून कळतं.

नापास झाला तर ते चार गुण माझे. तीसच्या पुढे कुठेही अडकला, तर माझेच.

१३ मे, मंगळवार

पास!! मराठी ६२. इतिहास ५८. गणित, भूमिती धरून, ४३.

आकांक्षाने मोबाईलवर बघितलं आणि किंचाळली. बापाच्या गळ्यात पडली. तो तिच्या पाठीवर थापटत काहीतरी पुटपुटला, ती रडत हसत होती. सासूबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग खालच्या दुकानातून पेढे आणवले. "माझो झील म्याट्रिक झालो!" गॅलरीभर सांगत सुटल्या. शेजारच्या मीराबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना आधी पेढा द्या, कष्ट त्यांचे."

हे ऐकवेना. मी म्हटलं, "ऐका ना, मला एक सांगायचंय. शिकवताना माझं एक चुकलं होतं –"

दीपकने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "आज चुका नकोत! आज लाल पेन बंद!"

सगळे हसले. आकांक्षा नाही हसली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

४३. माझ्यामुळे गेलेले चार धरले तर ४७. हे मी मनातल्या मनात दिवसभर मोजतेय. तो मात्र ४३ असं सांगतोय की जणू शंभरातले दोनशे.

३० मे, शुक्रवार

आज जुन्या लिफ्टचा शेवटचा दिवस. सोमवारपासून दीपक रेकॉर्ड रूमला. "एक फेरी मारायला या सगळ्या," म्हणाला. सासूबाई, आकांक्षा, मी. पाचव्या मजल्यापर्यंत वर, तळघरापर्यंत खाली. मग चाव्यांवर सही करायला तो ऑफिसात गेला, आकांक्षा आजीला बाकावर बसवायला गेली. लिफ्टमध्ये मी एकटी.

कार्ड होतं तिथेच, बटणांच्या वर. माझं अक्षर. मध्यकाच्या सूत्राखाली वहीच्या कागदाची एक पट्टी सेलोटेपने चिकटवलेली, कडा पिवळट झालेल्या. निळ्या बॉलपेनने –

"आधीच्या वर्गाची घ्यायची. बाबा, परीक्षेत हे. घरी आईचं."

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकायची, ही सवय आकांक्षाला पहिलीपासून मीच लावलेली. तीही टाकली होती. १० डिसेंबर.

कार्ड मी नऊला दिलं होतं.